सात आवाजांची राखण

बाबली धुरी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करत आला. धामापूरच्या आसपास लग्न असो, जत्रा असो, दशावतार असो नाहीतर ग्रामसभा, माईक बाबलीचा. गावात त्याला धुरी असं कुणी म्हणत नसे. 'माईकवालो बाबली' एवढा पत्ता पोस्टमनला पुरायचा. स्वतःला मात्र बोलायची सवय नव्हती. 'हॅलो, एक, दोन, तीन' हेच त्याचं आयुष्यभराचं भाषण. बायको सुभद्रा म्हणायची, "लग्नात माझा नाव घेतलंस तां बरा केलंस, नायतर थंयसरय एक-दोन-तीन मोजला असतंस."

सुभद्रेला जाऊन तीन वर्षं झाली. तोवर गावात डीजेवाले आले होते. बाबलीने मोठे कर्णे विकले, मशीन विकलं. राहिले ते पोटातच मशीन असलेले सात लहान स्पीकर, कारण ते कुणी फुकटसुद्धा नेईना. मुलगा सुशांत पुण्यात, मुलगी नम्रता कल्याणला दिलेली, मोठा भाऊ गणपत रेडी बंदरावरची नोकरी संपवून मुलाकडे विरारला. धुऱ्यांची चार घरं होती वाडीत. तीन घरांना कुलपं, चौथ्यात बाबली. सकाळी स्वतःचा चहा स्वतः करायचा, दोन कप करायचा, आणि दुसरा दुपारी गरम करून प्यायचा. कुणी विचारलं तर म्हणे, गॅस वाचता. गॅस कसला वाचतो? पण एक कप चहा करायला त्याचा हात धजत नव्हता, हे सांगणार कुणाला?

शेजार म्हणाल तर गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, आनंदी वैनी. सत्तरीची विधवा, तिचेही मुलगे मुंबईला. दोघांचं बोलणं गडग्यावरून चालायचं, आणि तेही ठरलेलं. "लाईट गेली?" "गेली." "इली?" "इली." सुभद्रेच्या बाराव्यानंतर तिने बाबलीच्या अंगणात, खळ्यात, पाऊल ठेवलं नव्हतं. भांडण नव्हतं काही. एकटा पुरुष, एकटी बाई, आणि वाडी कितीही रिकामी झाली तरी वाडीची तोंडं शिल्लक असतातच.

तर गोष्ट राखणीची. धुऱ्यांच्या खळ्याच्या टोकाला फणसाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. तो त्या घराचा राखणदार. मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्याला मान द्यायचा, नारळ ठेवायचा आणि घरातल्या कर्त्याने गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडचं गाऱ्हाणं म्हणजे एकट्याची प्रार्थना नव्हे. कर्ता एक एक मागणं मोठ्याने मांडतो आणि जमलेली भावकी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देते. होकार नाही तर गाऱ्हाणं नाही. कोर्टात जसा साक्षीदार, तसा इथे व्हय म्हणणारा. बाबलीचे वडील सांगून गेले होते, ज्या वर्षी व्हय म्हणणारं कुणी उरणार नाही, त्या वर्षी राखण मोडली असं समजायचं.

आणि इथेच बाबलीची मान अडकली होती. सुशांत तीन वर्षं मागे लागला होता, घराला कुलूप घाला आणि पुण्याला या. बाबली दर वेळी एकच उत्तर देई, "राखण चालू आसा तवसर मी हलूचंय नाय." गेल्या वर्षी व्हय म्हणायला एकटा चुलतभाऊ बाळा होता. त्यालाही उन्हाळ्यात मुलाने गोव्याला नेलं. आता राखण मोडली तर बाबलीकडे सांगायला कारण उरत नव्हतं. स्वतःचाच शब्द गळ्यात आला होता.

त्याने सगळ्यांना फोन केले. गणपतचे गुडघे, बाळाची सून बाळंतपणाला टेकलेली, नम्रताच्या मुलांची परीक्षा. सुशांत म्हणाला, "बाबा, गणपतीक येवन गेलंय मां? परत सुट्टी खंयची गावतली? व्हिडिओ कॉल लावया." एकदा लावून बघितला. बाबलीच्या घरात रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. चौघं चार ठिकाणी, गणपत व्हय म्हणाला तेव्हा नम्रता 'ऐकू येत नाही' म्हणत होती, आणि सुशांतचं तोंड उघडं राहून थिजलं. सुभद्रा असती तर हसून जमिनीवर बसली असती.

मग माईकवाल्याचं डोकं चाललं. त्याने सगळ्यांना सांगितलं, फोनवर नुसतं 'व्हय म्हाराजा' बोलून पाठवा, जसं खळ्यात उभे राहून म्हणता तसं. चार दिवसांत सात आवाज जमले. गणपतने तीन मिनिटांचा निरोप धाडला, त्यात अडीच मिनिटं गुडघा. नम्रताने व्हय म्हाराजाच्या पाठोपाठ एका श्वासात विचारलं, "गोळी घेतलास?" बाळा ओरडला, कारण बाळाला वाटतं गोवा लांब आहे. दोन पुतणे, एक सून, तिघांनी आपापलं पाठवलं. सुशांतचा आवाज सगळ्यांत बारीक आला. ऑफिसात बसून कुजबुजला होता. बाबलीने तो वाढवला तेव्हा मागे कुणाची तरी टकटक टंकणारी बोटंही मोठी झाली.

सुशांतचा जुना कॉम्प्युटर पडवीत होता. आवाज त्यात घातले, सगळे एकत्र जोडले आणि एका स्पीकरवर लावून पाहिले. बाबली स्वतःच दचकला. सात माणसं एका डब्यात कोंबून झाकण लावल्यासारखं वाटत होतं. हे रेकॉर्ड झालं, हे व्हय नव्हे. ज्याने चाळीस वर्षं दशावतारात राजा डावीकडून आणि राक्षस उजवीकडून ऐकवला, त्याला हे कसं चालावं? खळ्यात गणपत तुळशीपाशी उभा राहतो, बाळा विहिरीला टेकून, नम्रता पायरीवर. प्रत्येकाचा आवाज आपल्या जागेवरून यायला हवा.

त्या कॉम्प्युटरच्या पाठीला आवाजाची चार भोकं होती, हिरवं, काळं, नारिंगी आणि करडं. सुशांतने कधीकाळी घरात सिनेमागृह करायच्या हौसेने घेतलेला तो. एकेका भोकातून दोन दोन आवाज, डावा आणि उजवा, वेगळे काढता येतात. बाबलीने एका तमीळ माणसाचा व्हिडिओ पाहिला. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण वायर सगळीकडे सारखीच. कसालच्या बाजारातून एकाच्या दोन होणाऱ्या वायरी आणल्या. एक फुकटचा प्रोग्रॅम घेतला, त्यात प्रत्येक आवाजाची वेगळी आडवी पट्टी मांडायची आणि कुठली पट्टी कुठल्या भोकातून बाहेर काढायची ते सांगायचं. सहा दिवस खपला. पडवीच्या खिडकीतून सात वायरी खळ्यात गेल्या. गणपतचा स्पीकर तिवईवर ठेवला, कारण गणपत उंच. नम्रताचा पायरीवर. सुशांतचा सगळ्यांच्या मागे माडाच्या बुंध्याशी, कारण गाऱ्हाणं लांबलं की सुशांत तिथूनच सटकायचा.

चार भोकं म्हणजे आवाज आठ. सातांची सोय झाल्यावर एक जागा उरली, आणि उरलेली जागा बघून बाबलीच्या मनात आलं ते कुणाच्याही आलं असतं. पाच वर्षांपूर्वीच्या राखणीचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं. त्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुभद्रेचा व्हय होता, सगळ्यांचा म्हणून झाल्यावर अर्धा श्वास उशिरा, कारण तिचं अर्धं लक्ष चुलीवर. त्याने तो कापून आठव्या पट्टीवर ठेवला, घरातला रेडिओ त्या वायरीला जोडला आणि दारात नेऊन ठेवला. लावला. नुसती घरघर. पुन्हा लावला. घरघरच. नंतर कळलं की नारिंगी भोकातली एक बाजू फक्त ढोलाच्या जाड दणक्यासाठी असते, माणसाचा आवाज त्यातून धड येतच नाही. दुसऱ्या कुणाची जागा तिला देता आली असती. बाळाचा विचार मनात येऊन गेलाही. पण मग बाबली एकटाच म्हणाला, "ऱ्हवांदे. जिती होतंस तेव्हा तरी खंय माझ्या मशनीक दाद दिलंस?" आणि रेडिओ उचलून आत नेला. त्या दिवशी तो जेवला नाही, भूक नाही म्हणाला, पण म्हणाला कुणाला, तर भिंतीला.

अडचण एकच राहिली. कॉम्प्युटर पडवीत, दगड खळ्याच्या टोकाला, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी दोन्ही हातांत नारळ. दर मागण्याला आत जाऊन बटण कोण दाबणार? तेव्हा त्याने गाऱ्हाणं घड्याळ लावून म्हटलं, प्रत्येक मागण्याला किती वेळ लागतो ते मोजलं आणि तेवढी मोकळी जागा सोडत अकरा व्हय मांडले. सुरुवातीला अर्धा मिनिट चालत जायला. एकदा चालू केलं की आपलं आपण चालणार. शनिवारी संध्याकाळी सगळं जोडून एकदा पूर्ण वाजवून बघितलं. तुळशीपाशी गणपत, विहिरीशी बाळा, पायरीवर नमू, माडाशी सुशांत. बाबली खळ्याच्या मधोमध डोळे मिटून उभा राहिला. खोटं कशाला सांगू, त्याला इतकं बरं गेल्या तीन वर्षांत वाटलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा मात्र तिवईवर डबा होता.

रविवारी सकाळी आंघोळ करून तो धुतलेलं धोतर नेसला. विडा मांडला, अगरबत्ती लावली, कॉम्प्युटर सुरू केला आणि नारळ घेऊन फणसाखाली जाऊन उभा राहिला.

"बा राखणदारा म्हाराजा! वाडवडलांनी चालवलली ही राखण आज तुझ्या पायाशी इली आसा!"

"व्हय म्हाराजा!" सातही दिशांनी आलं. विहिरीकडून बाळा जरा जास्तच.

"वरसाचो नारळ, वरसाचो इडो तुका ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी सगळी लेकरां आज ह्या खळ्यात तुझ्या म्होरे उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

हे वाक्य तो वडिलांच्या तोंडून ऐकत आला होता, स्वतः तीस वर्षं म्हणत आला होता. घड्याळ लावून म्हटलं तेव्हाही काही वाटलं नव्हतं. पण आता दगडासमोर उभं राहून ते तोंडातून गेलं आणि मागून माडापाशी सुशांत कुजबुजला, त्याच्यामागे ती टंकणारी बोटं टकटकली. कुठली लेकरं? आपण राखणदाराच्या तोंडावर खोटं बोलतोय, आणि खोट्याला सात साक्षीदार उभे केलेत. पुढचं मागणं त्याला आठवेना. मोकळी जागा सरत होती. त्याला एवढंच कळत होतं की देवाला फसवून काही मिळत नाही.

"म्हाराजा," तो म्हणाला, आणि आवाज गाऱ्हाण्याचा राहिला नाही, "तुका फसवूचंय नाय. हंयसर कोण येवक नाय. मी एकटो आसंय."

"व्हय म्हाराजा!" सातही जण म्हणाले.

बाबलीने मागे वळून पाहिलं. जणू खरंच कुणी म्हणालं होतं.

"सुभद्रा गेला, पोरां गेली. माका सगळ्यांनी इसारल्यानी."

"व्हय म्हाराजा!" गणपत म्हणाला, बाळा म्हणाला, नमू म्हणाली, सुशांत म्हणाला. आनंदाने म्हणाले, सणाच्या आवाजात.

मग तो काही बोललाच नाही. मशीनला ते कळायचं कारण नव्हतं. थोडी जागा सोडून त्यांनी पुन्हा व्हय म्हटलं, पुन्हा जागा सोडून पुन्हा. उरलेले सहा होकार त्याने नारळ पोटाशी धरून, मुकाट्याने ऐकून घेतले. जायचं म्हटलं तर पडवी वीस पावलांवर होती, बटण दाबून बंद करता आलं असतं. पाय हलले नाहीत. माणसाला कुणी नाही म्हणणारं नसलं की काय होतं, ते त्या दिवशी बाबलीला समजलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

अकरावा व्हय संपला आणि गडग्याचं कवाड वाजलं. आनंदी वैनी आत आली. काखेत टोपली, टोपलीवर केळीचं पान, दुसऱ्या हातात काळ्या वाटाण्याच्या उसळीचा टोप. नवं लुगडं नेसली होती.

"आवरला मां गाऱ्हाणा? मधी येवचा नको म्हणान थांबललंय," ती म्हणाली. "घावणे हाडलंय सगळ्यांका. काल सांजेक गणपतभावजींचो आवाज आयकलंय, नमूचो आयकलंय, आनी लगेच तांदूळ भिजत घातलंय. खंय गेली सगळी?"

तिने तुळशीपाशी बघितलं, विहिरीशी बघितलं. टोपलीत तीस तरी घावणे होते. पहाटे चारला उठून काढले असणार.

बाबलीला क्षणभर वाटलं, सांगावं की तळ्यावर गेलेत, देवीच्या पाया पडायला. पण आज एकदा खोटं बोलून त्याचं तोंड पोळलं होतं.

"कोण येवक नाय, वैनीनू. ती मशीन बोलली."

आनंदी वैनीने टोपली पायरीवर ठेवली, ती नेमकी नमूच्या स्पीकरशेजारी. मग एकेक डबा वाकून बघितला. तिवईवरच्या डब्याला तर तिने बोट लावून पाहिलं, पोळी भाजली का बघतात तसं. तिच्या चेहऱ्यावरचा सण उतरला. तिने ज्यांच्यासाठी लुगडं बदललं होतं ती माणसं आलीच नव्हती, हेही तेव्हा दोघांना कळलं. तिच्या घरीही गणपतीनंतर माणूस आलं नव्हतं.

"आनी माका एक हाक मारूक तुमचा तोंड दुखला?" ती म्हणाली.

"तुमी आमच्या भावकीतली नाय. राखणीक भावकीच लागता."

"व्हय काय? मगे तुमची ही मशीन खंयच्या भावकीतली?"

 चाळीस वर्षं माईक सांभाळलेला माणूस, पण असा प्रश्न त्याला कुणी घातला नव्हता. भावकी मोजता मोजता त्याने पुणं मोजलं, गोवा मोजला, मशिनीतली भोकंसुद्धा मोजली. गडगा तेवढा ओलांडून बघितला नाही.

"घाला परत," आनंदी वैनी पदर खोचून म्हणाली. "मी व्हय म्हणतंय."

"चलात?"

"तां तेका इचारा." तिने दगडाकडे हनुवटी केली. "नको आसात तर सांगात तो."

बाबली आत गेला, कॉम्प्युटर बंद केला, बाहेर आला. पुन्हा नारळ धरला. वाडवडिलांची राखण, वरसाचा नारळ, दोन्ही मागण्यांना ती व्हय म्हणाली. तिचा आवाज फाटका होता, आणि बाबलीचं वाक्य पुरं व्हायच्या आतच यायचा. तिसऱ्या मागण्याला बाबली अडला. लेकरं उभी आहेत असं म्हणवेना. म्हटलं ते मघाचंच.

"म्हाराजा, ह्या घरात आता मी एकटो आसंय. माका सगळ्यांनी इसारल्यानी."

आणि थांबला. मागून काही आलं नाही. फणसावर खार ओरडत होती. त्याने वळून पाहिलं. आनंदी वैनी ओठ मिटून उभी होती.

"काय झाला?"

"ह्येका मी व्हय म्हणूचंय नाय."

"कित्याक?"

"खरा नाय म्हणान. मी हंयसर उभी आसंय ती कोण? माका हाक मारूक लाज वाटली म्हणान एकटो रवलंय, असा म्हणा. तेका म्हणतंय व्हय."

बाबलीने दगडाकडे तोंड केलं. मग त्याने घसा साफ केला. सवयीने तोंडातून 'हॅलो' निघणार होतं, ते गिळलं.

"म्हाराजा," तो म्हणाला, "गडग्यापलीकडे माणूस होता. माका हाक मारूक लाज वाटली, म्हणान मी एकटो रवलंय."

"व्हय म्हाराजा!" आनंदी वैनी म्हणाली, आणि या वेळी वाक्य पुरं होऊ दिलं.

नारळ फुटला. दोघं पायरीवर बसून जेवले, मध्ये टोपली ठेवून. तिसातले सात घावणे संपले. सुभद्रेची उसळ जास्त तिखट असायची, असं बाबली म्हणाला. तां माझ्याकडनाच शिकला होता, असं आनंदी वैनी म्हणाली.

संध्याकाळी रेंज आली आणि तिच्याबरोबर सुशांतचा फोन. "बाबा, झाली राखण? सगळ्यांचे आवाज नीट इले?"

"इले. एकदम सपष्ट."

"मगे सातय व्हय पोचले?"

खळ्यातल्या वायरी बाबलीने गुंडाळून पडवीत ठेवल्या होत्या. गडग्यापलीकडे दिवा लागला होता.

"ते नाय धरले," बाबली म्हणाला. "एकच व्हय गावलो. पण तो आयकान दिलेलो."